तासाचा दर वाढला, मग पगार का घटला?

प्रश्न : मुलाच्या नोकरीनिमित्त माझी सून इंग्लंडला गेली असून तेथील एका वृद्धाश्रमात ती अर्धवेळ काम करते. सरकारने तासाचा किमान दर वाढवला म्हणून आम्ही खूश होतो. पण पुढे तिचे तासच कमी झाले. आता कामगारांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आहे म्हणतात. हे सरकार कामगारांच्या बाजूचे आहे की नाही?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बाजूचे आहे; पण त्याने पैसा उभा करण्यासाठी निवडलेली वाट तुमच्या सुनेच्या दारावरून गेली. श्रमिकांचा प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याची (पेन्शन व भत्त्यांसाठी पगारावर भरायची) वर्गणी आणि मूल्यवर्धित कर वाढवणार नाही, असे वचन आता सत्तेवर असलेल्या मजूर पक्षाने २०२४ च्या निवडणुकीत दिले होते. त्यामुळे अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरातील अर्थसंकल्पात याच विम्याचा मालकाने भरायचा वाटा १३.८ वरून १५ टक्के केला आणि ज्या वार्षिक वेतनापुढे तो भरावा लागतो, ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आणली.

मर्यादेतील हा बदलच अर्धवेळ कामगाराला जड गेला. आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या बाईचा किमान दर एप्रिल २०२५ मध्ये ११.४४ वरून १२.२१ पौंड झाला, म्हणजे वर्षाला सुमारे ८०० पौंडांची वाढ. पण तिच्यापोटी मालकाने भरायची वर्गणी सुमारे ३८६ पौंडांवरून ११५५ वर, जवळजवळ तिप्पट, गेली. लहान मालकांना वर्षाला १०,५०० पौंडांपर्यंत सूट आहे खरी, पण मोठ्या वृद्धाश्रमाला ती पुरत नाही. सुरमई महागली की मालवणातला खानावळवाला थाळीचा दर वाढवतो. वृद्धाश्रमाचे बरेचसे उत्पन्न मात्र स्थानिक परिषदांनी ठरवलेल्या दरांतून येते, म्हणून कात्री लागते ती तासांना. माझ्या मते प्राप्तिकरच थोडा वाढवणे अधिक सरळ झाले असते. नाही तरी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराच्या मर्यादा २०३१ पर्यंत गोठवून, म्हणजे पगार वाढले तरी त्या तशाच ठेवून, सरकारने पगारातूनच, पण गाजावाजा न करता, पैसा घेण्याची सोय केली आहे.

नवा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झाला. आजारपणाच्या रजेचे वेतन एप्रिल २०२६ पासून पहिल्या दिवसापासून मिळते. पूर्वी पहिले तीन दिवस कोरडे जात आणि आठवड्याला १२५ पौंडांहून कमी कमावणाऱ्यांना ते मिळतच नसे. अन्यायकारक बडतर्फीविरुद्धचे संरक्षणही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून देण्याचे आश्वासन होते, परंतु उद्योजकांच्या आणि उमरावांच्या सभागृहाच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) विरोधानंतर सहा महिन्यांच्या नोकरीच्या अटीवर तडजोड झाली. आधीची अट दोन वर्षांची होती, हे लक्षात घेतले तर तीही लहान गोष्ट नव्हे. मात्र ती जानेवारी २०२७ पासून लागू होईल.

तुमच्या सुनेला सर्वांत उपयोगी ठरू शकेल अशी तरतूदही २०२७ मध्येच अपेक्षित आहे. ज्यांच्या करारात तासांची हमी नाही किंवा अगदी थोड्या तासांची आहे, त्यांना प्रत्यक्षात नियमितपणे केलेल्या तासांच्या प्रमाणात हमी देऊ करणे मालकाला बंधनकारक होईल. मेख अशी की हिशोब प्रत्यक्ष केलेल्या तासांचा असल्याने आधीच कापलेले तास त्यात धरले जातीलच असे नाही. तेव्हा करारात किती तास लिहिले आहेत ते तिने आधी पाहावे. लेखी तास परस्पर कमी केले असतील तर आजच्या कायद्यानेही दाद मागता येते. पाळ्यांचे वेळापत्रक व पगारपत्रके जपून ठेवावीत आणि ‘एकास’ या सरकारी सल्ला-संस्थेला फोन करावा. तो सल्ला मोफत असतो.