कॅश टॅली झाली, पुढे काय?

«मावशी, मी ४१ वर्षांची. साताऱ्याजवळच्या एका गावात सरकारी बँकेत क्लार्क आहे, १६ वर्षं कॅश काउंटरवर. पहाटे चारला उठून, कुकरच्या शिट्ट्या मोजत अभ्यास केला आणि यंदा ऑफिसरच्या परीक्षेत पास झाले. पण बढती घेतली की बदली आलीच, मराठवाड्यात नाहीतर राज्याबाहेरही. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, घरी सासूबाई. नवरा म्हणतो, 'तुझं तू बघ, माझी हरकत नाही.' लोनची कागदपत्रं मी कधी हाताळलेली नाहीत. आठ दिवसांत कळवायचंय. पूर्वीसारखी उमेदच वाटत नाही, आणि रिस्क घेणाऱ्यातली मी नव्हेच. काय करू?»

अगं, उमेद संपलेली बाई पहाटे चारला उठत नाही, कूस बदलून झोपते. तू दमलीयेस, एवढंच. निकाल लागल्यावर एक रविवार तरी स्वस्थ झोपलीस का?

आणि रिस्कचं म्हणशील तर दिवाळीआधीचा आठवडा आठव. रांग पार दाराबाहेर, पलीकडून 'ताई, आवरा की जरा', आणि संध्याकाळी मशीनवर दोनदा मोजूनही पाचशेची एक नोट कमी. ती कुणाच्या पर्समधून जाते? १६ वर्षं हा धाक उशाशी घेऊन नोकरी केलीस आणि वर म्हणतेस, मी रिस्कवाली नव्हे! ती रिस्क रोजचीच झाली, म्हणून ती तुझ्या हिशेबातच आली नाही.

आता तुझ्या नवऱ्याकडे येते. 'माझी हरकत नाही' म्हणजे ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला झाला. दाखला घेऊन काय करणार? सकाळचे दोन डबे कोण भरणार, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या की कोण आणणार, धाकट्याच्या शाळेतल्या पालकसभेला कोण जाणार, हे त्याच्या तोंडून यायला हवं. रविवारी त्याला समोर बसव आणि वहीत लिहून घे. 'बघू गं' म्हणाला तर 'बघू' हाही शब्द लिही आणि पुढे त्याचं नाव. तो वाईट माणूस आहे असं मला मुळीच वाटत नाही. त्याला आजवर कुणी यादीच दिली नसणार. मुलीलाही विचार. दहावीतल्या मुलींना आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कळतं, आणि कधी कधी आई थोडी लांब असलेली चालतेसुद्धा.

मी स्वतः नोकरीत एकदा बढती नाकारली. कारण हेच, मुलाची दहावी. त्याला जेवढे पडायचे तेवढेच मार्क पडले. मग बारावी आली, मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. रोज हळहळले असं नाही सांगणार. पण मी ज्याला जमाखर्च शिकवला तो पोरगा साहेब होऊन आला आणि त्याच्यापुढे रजेचा अर्ज ठेवला, तेव्हा मात्र घशात काहीतरी अडकलं.

लोनच्या कागदांना काय घाबरतेस? तुमच्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिला बँक आहे. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला होता. त्या काही महिने अक्षरं गिरवून परत साहेबांपुढे उभ्या राहिल्या: व्याज आम्हाला तोंडी विचारा, बघू कोण आधी सांगतं! १९९७ मध्ये बँक सुरू झाली. तुला तर सातबारा वाचता येत असणार, कुणी कर्ज कसं फेडलं ते सांगणारा सिबिल रिपोर्ट त्याच्यापेक्षा सोपा असतो.

माझं मत विचारशील तर जा. पण डोळे मिटून नको. युनियनच्या माणसाला गाठ आणि तुमच्या बँकेची प्रमोशन पॉलिसी माग. आत्ता नाही म्हटलं तर पुन्हा किती वर्षांनी परीक्षेला बसता येतं? प्रोबेशनमध्ये नाहीच जमलं तर परत क्लार्क होता येतं का? बाहेर किती वर्षं काढावी लागतील? २०१४ साली वित्त मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं होतं की बायकांना शक्यतो नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या गावाजवळ ठेवा. या 'शक्यतो'वर फार विसंबू नकोस, पण होकारासोबत विनंती अर्ज जोडायला काय जातं? त्यात मुलीची दहावी स्पष्ट लिही. परीक्षा होईपर्यंत जवळची शाखा दिली तर उत्तमच.

सासूबाईंच्या तब्येतीबद्दल तू फार लिहिलेलं नाहीस. त्या अंथरुणाला खिळलेल्या असतील तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि मला पुन्हा लिही, आपण वेगळा विचार करू.

आणि हो, पास झाल्याचं त्यांना सांगितलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.