अवजारांची पेटी : खुकुरी घेताना आधी केतली आठवा

प्रश्न : पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. राखणीला असलेला नेपाळी गडी दसऱ्याला गावी चालला आहे. येताना खुकुरी (गोरख्यांचा तो पुढे वाकलेला सुरा) आणू का, असं विचारतो. पैसे मीच देणार, पण चांगली कोणती हे कसं ओळखायचं? आमच्या बहादूरला विचारलं की तो नुसतं ‘राम्रो छ’ म्हणतो. बागेत झाडोरा तोडायला, लाकडं फोडायला ती चालेल का?
– एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी त्याचं खरं नाव विचारून घ्या. बहादूर हे त्याचं मधलं नाव असेलही, पण आपण ते सरसकट सगळ्या नेपाळ्यांना लावून टाकलं आहे. ‘राम्रो छ’ म्हणजे चांगली आहे. तो उडवाउडवी करत नसणार. तुमच्याकडे कोयती असते तशी त्याच्या घरी खुकुरी असते. चांगली कुठली ते त्याच्या हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. तुमच्या आजीला विचारा, कोयती कशी पारखायची. तीही ‘बरी दिसते’ एवढंच म्हणेल.

मी स्वतः फसलो होतो, तिथूनच सांगतो. बत्तीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काढलेला माणूस मी. १९९६ साली काठमांडूला गेलो आणि ठमेलमधल्या एका दुकानातून आरशासारखी लखलखीत खुकुरी घेऊन आलो. म्यानावर पितळी नक्षी, मुठीला सिंहाचं तोंड. घरी येऊन वाळक्या बाभळीवर तिसरा घाव घातला आणि धार पत्र्यासारखी दुमडली. कानस फिरवून पाहिली तर पाठ आणि धार सारखीच मऊ! पातं घडवलं होतं, घासलं होतं, चमकवलं होतं. पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्याने एकदम गार करून कडक करायचं, तेवढं राहिलं होतं. बायको अजून त्या खुकुरीला ‘तुमचा सिंह’ म्हणते.

दोन वर्षांनी जिद्दीने पुन्हा गेलो, पण काठमांडूला नाही. बिहारमधल्या जोगबनीला उतरलो, सीमा ओलांडून विराटनगर, तिथून धरान. पूर्व नेपाळात धरान आणि त्याच्या वरच्या डोंगरातलं भोजपूर ही खुकुरीसाठी नावाजलेली ठिकाणं. लोहाराच्या भट्टीच्या जागेला तिकडे आरन म्हणतात. एका आरनात दोन दिवस नुसता बसून राहिलो. ट्रकच्या कमानीचा पाटा तोडून तापवलेला, एक जण सांडशीने धरतो, दोघे आळीपाळीने घण घालतात. तो सगळा तपशील तुम्ही आपल्या गावच्या लोहाराकडे पाहिलेला असेल. वेगळी गोष्ट होती ती शेवटची. पातं घासून आकाराला आलं की कारागीर ते पुन्हा लाल करतो आणि हातात केतली घेतो. केतली म्हणजे चहाचीच. तिच्या चोचीतून पाण्याची बारीक धार तो फक्त पात्याच्या धारेवरून पुढेमागे फिरवतो, पोटाच्या फुगवट्यावर जरा जास्त. पाठीला पाणी लागू देत नाही. धार क्षणात काळी पडते, पाठ लालच असते. मग पाठीतली उरलेली ऊब सावकाश धारेकडे उतरते आणि तिचा ठिसूळपणा काढते. कारखान्यात आम्ही कडक करायला एक भट्टी आणि टेंपरिंगला, म्हणजे हा ठिसूळपणा काढायला, दुसरी भट्टी पेटवायचो. त्याने दोन्ही कामं एका केतलीत उरकली. मी मुकाट्याने उठून त्याला नमस्कार केला.

म्हणून चांगल्या खुकुरीची खूण एकच : धार कडक, पाठ मऊ. बाकी सगळं नंतर. तुमच्या गड्याला सांगा, खिशात एक छोटी कानस ठेव आणि दुकानदाराच्या परवानगीने पोटाच्या जागी धारेवर अलगद टेकव. ती घसरली पाहिजे, काचेवरून घसरते तशी. तीच कानस पाठीवर चावली पाहिजे. मुठीजवळ आणि टोकाशी धार थोडी मऊ लागली तर घाबरू नका, तिथे केतली कमीच फिरते. कानस लावूच देत नसेल तर पुढच्या दुकानात जावं.

त्यानंतर पातं डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाकायची, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. पीळ असेल तर तिथेच दिसतो. मूठ सैल धरून पात्यावर नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर एक तर मूठ हलते आहे किंवा कुठेतरी चीर आहे.

मुठीचे दोन प्रकार. जुन्या पद्धतीत पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या आरपार नेऊन मागे ठोकून बसवतात आणि पोकळीत लाख भरतात. दुसरा प्रकार पानावाल. त्यात पात्याचं लोखंड मुठीएवढंच रुंद मागेपर्यंत येतं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड रिबिटांनी पक्कं करतात. तुम्हाला लाकडं फोडायची आहेत, तेव्हा पानावाल घ्या. मूठ सिसौची, म्हणजे आपल्या शिसवीच्याच भावंडाची. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला देखणी, पण शिंग सुकलं की आक्रसतं, तडकतं आणि त्याला कीडही लागते. आणखी एक : नेपाळी मूठ आखूड असते. तुमचा पंजा मोठा असेल तर काथ्याच्या दोरीवर चार बोटांचं माप घेऊन गड्याजवळ द्या.

खुकुरीच्या म्यानाला (तिकडे दाप) मागे दोन चिमुकली पाती खोचलेली असतात. एक कर्द, धारेचं, बारीकसारीक कापायला. दुसरं चकमक, बोथट, गारगोटीवर ठिणगी पाडायला आणि मुख्य धार जागेवर आणायला. मी हल्ली आधी ही दोन बाहेर काढून बघतो. ज्याने चकमकीला नीट पाणी दिलं त्याने मोठ्या पात्यात हात आखडता घेतलेला नसतो. शोभेच्या खुकुरीत ही दोन्ही पत्र्याची असतात, करंज्या कातायच्या लायकीचीही नाहीत.

आकार? सिरुपाते म्हणजे सिरू गवताच्या पात्यासारखी सडपातळ, झुडपांना बरी. भोजपुरे पोटाला रुंद, लाकडाला बरी. दोन्ही कामं आहेत तर मधली कुठलीतरी, पातं नऊ इंचांच्या आतलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. नऊ इंचांचं कारण शेवटच्या प्रश्नात येईल. पण स्पष्टच सांगतो, कोयतीची जागा ती घेणार नाही. कोयतीचं टोक आत वळलेलं असतं, फांदी ओढून घेतं; खुकुरी पुढे झेपावते. घाव घालताना मनगट सैल सोडायचं, वजन पोटात आहे, ते आपोआप पडतं. जोर लावाल तर दुपारपर्यंत दंड भरून येईल. आणि नारळ सोलायला काढाल तर माझ्याकडे तक्रार करू नका.

म्यानातून काढताना डाव्या हाताची बोटं धारेच्या बाजूला कधीच नकोत. म्यान पातळ लाकडाचं, वर चामडं. आतून धार बाहेर येते आणि बोटं जातात. म्यान पाठीच्या बाजूनेच धरायचं. हे तुमच्या गड्याला माहीत असतं, तुमच्या मुलाला माहीत नसतं.

पावसाळ्यात ती चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. आंब्याचा चीक, काजूचं बोंड, कोकम, यांपैकी काहीही लागलं तर त्याच दिवशी पुसून शिलाई मशीनचं तेल लावा. खोबरेल नको, चिकट होतं.

आणि जमलं तर बनवणाऱ्याचं नाव विचारून यायला सांगा. हे काम परंपरेने कामी जातीचं, आता बहुतेक जण विश्वकर्मा आडनाव लावतात. दसऱ्याला त्यांच्या हातचं पातं घरोघर पूजेत मांडलं जातं आणि त्यांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं. आपल्याला हे नवं नाही. दुकानदार नक्षीचे पैसे मागतो. नाव ठाऊक असलं तर निदान कळतं की केतली कोणाच्या हातात होती.

प्रश्न : खुकुरी एकदा बाहेर काढली की रक्त लागल्याशिवाय परत म्यानात घालत नाहीत, असं ऐकलं आहे. खरं का? आणि मुठीजवळची ती खाच रक्त निथळण्यासाठी असते का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तसं असतं तर नेपाळात कांदा चिरण्याआधी रोज बोट कापावं लागलं असतं. तिकडे भाजी, मांस, जळण, बांबू, सगळ्याला खुकुरी चालते. ही रक्ताची गोष्ट लढाईच्या दंतकथांमधून आली. १८१४ ते १८१६ च्या युद्धात इंग्रजांनी खुकुरीचा मार खाल्ला आणि मग त्याच गोरख्यांना आपल्या फौजेत घेतलं, तेव्हापासून अशा कहाण्यांना तोटा नाही.

खाचेला काउडी म्हणतात. कोणी ती गाईचं खूर सांगतो, कोणी महादेवाचा त्रिशूळ, कोणी तुमच्यासारखं निथळण्याचं. माझ्या कारागिराला विचारलं तर हसला आणि म्हणाला, काउडी नसेल तर खुकुरी कसली? मला स्वतःला तिचा एक उपयोग दिसतो : निसण्यावर धार लावताना धारेचा शेवट तिथे मोकळा राहतो, दगड मुठीवर घासत नाही. पण हे झालं माझ्यासारख्या भट्टीवाल्याचं डोकं.

खंडेनवमीला आपण कोयता, पक्कड, स्कूटर सगळ्यांना झेंडू वाहतो ना, त्याच नवमीला तिकडे खुकुरी आणि इतर हत्यारं-अवजारं पुजतात.

प्रश्न : माझे वडील गोरखा रेजिमेंटमधून निवृत्त झाले. त्यांना निरोपाला मिळालेली खुकुरी डेहराडूनच्या घरी आहे, चाळीसेक वर्षांची. मूठ हलते, पात्यावर गंज आहे. ती पुण्याला विमानाने आणता येईल का? आणि दुरुस्त कशी करू?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : केबिनमध्ये अजिबात नाही. चेक-इन सामानात, धार पुठ्ठ्याने नीट गुंडाळून, आणि काउंटरवर आपणहून सांगून. शस्त्र नियमांच्या यादीत खुकुरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे : घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेली नसेल आणि पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर ती शस्त्रांत धरली जाते. तेव्हा आधी पट्टी लावून मापा, आणि माप पुढे गेलं तर निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. रेजिमेंटने दिल्याचा कागद किंवा पात्यावरची खूण असेल तर तिचा फोटो जवळ ठेवा.

मूठ हलते म्हणजे आतली लाख सुटली. इतक्या वर्षांत एखादा उन्हाळा ती तापलेल्या गाडीत राहिली असेल, लाख उन्हाने मऊ पडते. ओढून काढू नका. शेपटी मागे ठोकलेली असेल तर मूठच फाटेल. डेहराडूनला गोरख्यांची जुनी वस्ती आहे, तिथेच जाणता कारागीर शोधून, लाख भरून मगच आणा. मुठीत अॅराल्डाइट ओतायचा मोह होईल. बसेल पक्की, पण पुढच्या वेळी उघडायला कोणालाही जमणार नाही.

गंजाला रॉकेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या सुती फडक्याने पुसा. राहिलेल्या डागांवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर, एकाच दिशेने, तेल लावून. खोल डाग राहिले तर राहू द्या, वडिलांच्या नोकरीचे आहेत.

धार मात्र ग्राइंडरवाल्याकडे देऊ नका. तो पाच मिनिटांत चमकवून देतो म्हणेल आणि देईलही. ठिणग्या उडताना धारेवर निळी रेघ उमटली की तेवढ्या भागातला कडकपणा गेला, केतलीचं सगळं काम वाया. माझ्याकडे अशी एक खुकुरी आली होती, धारेवर अंगठ्याएवढे तीन निळे पट्टे. तुम्ही पाण्याचा निसणा घ्या, आधी खरखरीत, मग बारीक, आणि पातं स्थिर ठेवून दगड फिरवा. पोटाची धार गोलसर आहे, तो गोलावा जपायचा. दोन संध्याकाळी जातील.