इलेक्ट्रिक गाडी घ्यायची? आधी पार्किंगमधला प्लग बघा

तुम्ही विचारलंय की रोजचं जाणं-येणं 45-50 किलोमीटर, वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास आणि घरात एकच गाडी, तर इलेक्ट्रिक झेपेल का? मी पाच वर्षं इलेक्ट्रिकच चालवतोय. रेंजबद्दल (एका चार्जमध्ये गाडी किती जाते) तुम्ही बरंच लिहिलंय, पण ज्यावर सगळं ठरतं ते राहिलं: रात्री गाडी कुठे उभी असते आणि तिथे प्लग आहे का?

हिशोब करून बघा. मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साधारण 6 ते 7 किलोमीटर जाते. 50 किलोमीटरला 8 युनिट, चार्जिंगमधली गळती धरून 9. 15 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला 3 किलोवॉटच्या आसपास मिळतात. म्हणजे दिवसभराचा खर्च तीन तासांत भरून निघतो आणि तुम्ही तर आठ तास झोपणार. 7 किलोवॉटचा चार्जर असला तर चांगलंच, पण तुमच्या वापराला त्याच्यावाचून अडणार नाही.

मात्र वायरिंग जपा. मी सुरुवातीला जुन्याच सॉकेटला गाडी लावली. आठवड्याभरात प्लग हाताला चटका बसेल इतका तापायला लागला. इस्त्री किंवा गीझर थोडा वेळ चालतो, गाडी तासन्तास पूर्ण भार ओढते. मग इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घेतलं. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात वापरू नका.

प्लग मिळणारच नसेल, आणि कामाच्या ठिकाणीही सोय नसेल, तर मी स्पष्ट सांगतो, सध्या घेऊ नका. बाहेरच्या सार्वजनिक फास्ट चार्जरवरची वीज घरच्यापेक्षा महाग पडते आणि दर आठवड्याला तिथे ताटकळणं फार लवकर नकोसं होतं. त्यापेक्षा हायब्रीड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्ही असलेली गाडी) बघा.

लांबच्या प्रवासाला कंपनीने छापलेल्या रेंजमधून पाव हिस्सा वजा करूनच निघा. हायवेवर वेग रेंज खातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून 80 ऐवजी 110 ने गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. शहरात उलटं घडतं, ब्रेकिंगमध्ये थोडी वीज बॅटरीत परत येते. कडक थंडीतही रेंज घटते. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिनला आयती मिळते, इथे हीटर बॅटरीतूनच घेतो.

फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांना गाडी काढा. त्यापुढे सेल जपण्यासाठी करंट कमी केला जातो, आणि शेवटचे 20 टक्के भरायला बरेचदा आधीच्या 60-70 टक्क्यांइतकाच वेळ जातो. शिवाय ठरवलेला चार्जर बंद निघाला तर पुढचा गाठता येईल इतकी बॅटरी नेहमी हाताशी ठेवा. मी एकदा 9 टक्क्यांवर बंद चार्जरसमोर उभा राहिलोय, घरचे सगळे सोबत असताना. तेव्हापासून 20 च्या खाली जाऊ देत नाही.

बॅटरी लवकर मरेल ही भीती मलाही होती. बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर ती लागू होते ते वाचून घ्या. बॅटरीचे मुख्य दोन प्रकार: एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) 100 टक्के भरली तरी चालते, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज 80 पर्यंतच भरा. जुनी गाडी घेणार असाल तर बॅटरीला लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून थंड ठेवण्याची सोय) आहे का ते विचारा. 2010 साली आलेल्या निसान लीफमध्ये ते नव्हतं आणि उष्ण हवामानात त्या बॅटऱ्यांची क्षमता लवकर घटली.

आणि हो, या गाड्यांतही छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. माझी बसली तेव्हा मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होईना. तिचं वय लक्षात ठेवा.

पार्किंगच्या जागेपासून मीटर किती लांब आहे ते मोजून इथे लिहा, कुठली वायर लागेल ते सांगतो.