पायथनमध्ये घात काढणारं रिकर्सिव्ह फंक्शन: घातांक ० किंवा २००० दिला की एरर का येते?

तुमचं फंक्शन रिकर्सिव्ह आहे, म्हणजे ते स्वतःलाच पुन्हा बोलावतं (अशा प्रत्येक बोलावण्याला ‘कॉल’ म्हणतात). ते म्हणतं: घातांक १ असेल तर पाया परत दे, नाहीतर पाया गुणिले एकाने कमी घातांकाचं उत्तर. २ चा ५वा घात ३२ नीट येतो, पण ० आणि २००० या दोन्हींना ‘रिकर्शन एरर’. एरर एकच दिसते, दुखणी मात्र दोन आहेत.

० मधून १ गेला की उणे १, मग उणे २... वाटेत १ कधी भेटतच नाही. म्हणून थांबण्याची अट ० वर आणा: घातांक ० तर उत्तर १. मग १ साठी वेगळी अट लागत नाही.

२००० ला तुमचा तर्क चुकत नाही, पण एकात एक २००० कॉल उघडे राहतात आणि पायथनची ठरलेली मर्यादा १००० आहे. ती वाढवता येते, पण मी तसं करू नका म्हणेन. घातांक एकेकाने उतरवण्याऐवजी निम्मा करा; विषम असेल तर उरलेला अर्धा सोडून द्या, म्हणजे ३ चा निम्मा १. निम्म्या घातांकाचं उत्तर काढा, त्याचा वर्ग करा, मूळ घातांक विषम असेल तर आणखी एकदा पायाने गुणा.

कागदावर २ चा ६वा घात करून बघा. उतरताना ६, ३, १, ०. वर येताना १, २, ८, ६४. मला ही रीत फार प्रिय आहे, कारण ती आपल्याकडे दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी आहे. सहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूच्या मांडण्या किती, हे काढायला प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाने ‘छंदःशास्त्र’ या ग्रंथात हेच सांगितलंय: सम असेल तर अर्धं कर, विषम असेल तर एक वजा कर; परतताना अर्ध्याच्या जागी वर्ग, वजा केलं तिथे दुप्पट. उत्तर तेच, ६४.

आता २००० ला फक्त १२ कॉल लागतात. पण निम्म्याचं उत्तर आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. माझ्या विद्यार्थ्यांचं घोडं इथेच अडतं: वर्ग करायचा म्हणून ते फंक्शन दोनदा बोलावतात आणि १२ चे थेट ४०९५ कॉल होतात. उत्तर बरोबर येतं, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

ऋण घातांक हवा असेल तर सुरुवातीलाच चिन्ह बदलून फंक्शन बोलवा आणि १ ला त्या उत्तराने भागा. पाया ० असताना मात्र ते चालणार नाही.