आठ वचनांची कळ

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी उठल्या उठल्या वाचला. वॉर्डात कळा सोसणारी एक बाई सारखं कुठलंसं स्तोत्र पुटपुटत होती आणि तू, शिकाऊ मिडवाइफ, तिला हात धरू देऊन उभी होतीस. खोलीवर आल्यावर तू एका दमात तीन प्रश्न लिहिलेस. आपल्यात बाळंतपणात काय करतात? बाबा इथे एडिनबरात असताना मला जन्म द्यायला तू जालन्याला का गेलीस? आणि विश्वास असेल तर दुखणं कमी करायचं औषध मागणं चूक का? फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे. सावकाश वाच.

जालन्याला का गेले, ते आधी सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मराठवाड्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांच्या घरी ती सारखीच. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला माहेरी आणतात. मी लहान असताना मला वाटायचं की आपण ख्रिस्ती, मग आपण हे का करतो? तेव्हा तुझ्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, मला बायबलातला लूकचा पहिला अध्याय वाचायला लावला होता. पोटुशी मरीया, येशूची आई, डोंगराळ मुलखात तिच्या नात्यातल्या अलिशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. आजी म्हणाली, "बघ, तिलाबी बाईमाणसाजवळ जावं वाटलं." मी 2005 च्या जानेवारीत गेले ते त्याच ओढीने. बाबांना रजा नव्हती आणि मला आईचा हात हवा होता.

जालन्यातलं आपलं घराणं मूळ बेथेलचं. नारायण शेषाद्री हे नाव तू आजीकडून ऐकलंयस. 1843 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनचं काम करत ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले आणि तिथे जवळच मिळालेल्या जमिनीवर ख्रिस्ती लोकांचं बेथेल गाव वसवलं. आपले पणजोबा तिथलेच. म्हणून आपल्या प्रार्थनेला इंग्रजीचा वास नाही. ती मराठीत, काळ्या मातीतल्या माणसांच्या तोंडची आहे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी कळा सुरू झाल्या. मी देवाशी सौदा करत बसले नाही, मला तर काही सुचतच नव्हतं. प्रार्थना करावी असं मनात आणलं तरी शब्द सापडेनात. हे तुला मुद्दाम सांगते, कारण उद्या कुणी बाई तुला म्हणेल की मला प्रार्थनाही करता येईना, माझा विश्वासच तोकडा. तिला सांग की तशा वेळी शब्द दुसऱ्याने पुरवायचे असतात. माझ्यासाठी ते आजीने पुरवले.

आजी लोखंडी खाटेच्या उशाशी स्टूल घेऊन बसली. डावा हात माझ्या कंबरेच्या खाली माकडहाडावर, खोबरेल तेलाने चोळत, आणि उजव्या हातात माझा पंजा. कळ आली की ती एकशे एकविसावं स्तोत्र सुरू करायची. डोंगरांकडे डोळे लावणाऱ्याचं ते स्तोत्र. त्यात आठच वचनं आहेत. माझ्याकडून म्हणून घेत नव्हती, ती म्हणायची आणि मी ऐकायचे. सुरुवातीच्या कळा चौथ्या वचनावर विरायच्या, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही, तिथे. मग पाचव्यावर, सहाव्यावर. मध्यरात्रीनंतर कळ आठही वचनं ओलांडायला लागली आणि आजीने न थांबता पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. घड्याळ होतं भिंतीवर, पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. एक कळ म्हणजे किती वचनं, हेच माझं मोजमाप झालं. मला आधीच ठाऊक असायचं की आता अमुक वचन येणार, मग अमुक, आणि मग शेवट येणार. शेवट आहे एवढं कळलं तरी माणूस कळ सोसतं गं.

बाहेर व्हरांड्यात महिला मंडळाच्या काही बायका होत्या. आजीने संध्याकाळीच पाळकसाहेबांच्या घरी फोन केला होता आणि त्यांनी साखळी प्रार्थना लावली. एकेका घराने एकेक तास घ्यायचा. आपापल्या घरीच, चूल आवरून, लेकरं निजवून. पहाटे तीनचा तास कुणी घेतला होता ते मला फार दिवसांनी कळलं. ज्या घराशी आमचं बांधावरून भांडण होतं, त्या घरातल्या काकूंनी. त्यांचं नाव घेऊन आजी अजून रडते.

आता औषधाचं. बहुधा हाच प्रश्न तुला सगळ्यात जास्त छळतोय, कारण तुझ्या मेसेजमध्ये तो शेवटी आणि तुटक आला होता.

पहाटे मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं की आता सोसवत नाही, काही असेल तर द्या. त्यांनी इंजेक्शन काढलं. तेव्हा नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई माझ्याजवळ होत्या. त्या म्हणाल्या, "देवानं हव्वेला सांगितलंय, वेदनेनं लेकरं प्रसवशील. ते टाळायचं का? प्रार्थना कमी पडायली का?" मी त्या अवस्थेतही शरमले. हात मागे घेतला. इंजेक्शन राहू द्या म्हणाले.

आजीने स्तोत्र थांबवलं. त्या रात्री फक्त तेव्हाच थांबवलं. म्हणाली, "त्याच अध्यायात आदामाला सांगितलंय, जमिनीत काटेकुसळं उगवतील. म्हणून आपण खुरपायचं सोडलंय का, बाई?" आणि माझी बाही स्वतःच्या हाताने वर सारली.

इंजेक्शन घेतलं. कळा गेल्या नाहीत, पण मधल्या वेळात मला डोळा लागू लागला, आणि अंगात थोडी शक्ती आली.

कितीतरी वर्षांनी मी इथल्या जेम्स यंग सिम्प्सनबद्दल वाचलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत ज्यांचा पुतळा आहे, तेच. 1847 मध्ये त्यांनी एडिनबरात बाळंतिणींना क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली आणि हव्वेचंच वचन पुढे करून घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी लेखी उत्तर दिलं. आदामाची फासळी काढताना देवाने त्याला आधी गाढ झोपवलं, हे त्यांनी दाखवलं. आणि काट्याकुसळांचं उदाहरणही दिलं. तेच, आजीचं! तो माणूस फ्री चर्चचाच, ज्या चर्चच्या मिशनने आपलं बेथेल उभं राहिलं. आजीने त्यांचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. तिने शेत खुरपलं होतं आणि उत्पत्तीचा तिसरा अध्याय नीट वाचला होता, त्यातूनच तिला ते कळलं. त्या दिवशी मी ऑफिसातून परत येताना पुतळ्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

पण आजीच्या विश्वासाबद्दल आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. तिची थोरली बहीण भोकरदनकडच्या खेड्यात दिली होती. पावसाळ्यात कळा सुरू झाल्या, बैलगाडीतून जालन्याकडे निघाले आणि गाडी काळ्या चिखलात रुतली. ती आणि लेकरू दोघंही गेली. आजी तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. प्रार्थना त्याही घरात झाली होती. बायबलातली राहेल एफ्राथच्या वाटेवर अशीच गेली, सुईण तिला भिऊ नको म्हणत असताना, बन्यामीनाला जन्म देऊन. तो भाग आजी वर्षातून एकदा तरी वाचते आणि काहीही न बोलता बायबल मिटते. म्हणून तिच्या प्रार्थनेत "प्रभू, हिला सुखरूप सोडव" असतं, पण "तू सोडवशीलच" असं ती कधी म्हणत नाही. तू वॉर्डात असशील तेव्हा हे ध्यानात ठेव. जिचं बाळंतपण बिघडतं तिने कमी प्रार्थना केली, असं कुणालाही वाटू देऊ नकोस.

आपल्याकडे "बाळंत झाली का?" असं क्वचितच विचारतात, "सुटली का?" असं विचारतात. देवळातही, म्हणजे चर्चमध्येही, आपण तारणाला सुटका म्हणतो. उजाडताना तू जन्मलीस आणि व्हरांड्यातून कुणीतरी ओरडून विचारलं, "सुटली का गं?" आतून आजीने "सुटली!" म्हटलं आणि बाहेर आपोआप गीत सुरू झालं. योहानाच्या सोळाव्या अध्यायात येशूने कळा सोसणाऱ्या बाईबद्दल सांगितलंय, की मूल जन्मलं की आनंदापुढे तिला क्लेश आठवत नाहीत. मला आठवतात, खरं सांगते. पण ते त्या गाण्यासकट आठवतात.

पुढचं थोडक्यात. सव्वा महिना बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, खाटेखाली ओव्याची धुरी, तुझी टाळू भरणं, सगळं झालं. पाचव्या दिवशी शेजारी सटवीची पूजा करतात. आपल्या घरी त्याच संध्याकाळी पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली आणि शेजारणींनी तुझ्यासाठी शिवलेली कुंची आणली. सव्वा महिन्याने तुला देवळात नेलं. आजीने पाकिटात 101 रुपये घालून वर "उपकारस्तुती" लिहिलं आणि त्या पाकिटात बांधावरच्या काकूंच्या नावाचे वेगळे 11 रुपये टाकले.

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. फारोने पोरगे मारायला सांगितले, त्यांनी मारले नाहीत. तू हे शिक्षण घ्यायचं ठरवलंस तेव्हापासून मी त्यांची नावं घेऊन तुझ्यासाठी प्रार्थना करते.

ती बाई पुन्हा भेटली तर तिला विचार, कुठलं स्तोत्र म्हणत होतीस. आणि आजीला फोन कर. ती त्या बाईचं नाव विचारील, सांगू नकोस, तुला तशी मुभा नाही. "ती बाई" एवढ्यावरही आजी आजचा पहाटे तीनचा तास तिच्यासाठी घेईल.

तुझी आई