काढ्याची वही आणि बारावीनंतरची वाट

नमस्कार ताई,

तुमचं भांडुपहून आलेलं पत्र वाचलं, सोबतचा लेकीच्या वहीचा फोटोही पाहिला. ती बारावी सायन्सला आहे आणि गणित सोडून बायोलॉजी घेतलंय. आजोबांच्या डायबेटिससाठी तिने जांभूळबी, मेथी आणि दालचिनीचा चहा केला, त्यांची उपाशीपोटीची शुगर 168 वरून 131 वर आली. आता ती म्हणते, कॉलेज कशाला, हीच पाकिटं भरून विकते. तुम्ही विचारलंय, हिला या नादातून बाहेर कसं काढू?

काढू नका. नाद चांगला आहे, घाई तेवढी थांबवा.

वहीत एका तारखेपुढे तिने बारीक अक्षरात लिहिलंय, 'आज रात्री आजोबांनी भात खाल्ला नाही.' मला सगळ्यात आवडली ती ही ओळ. शुगर चहाने उतरली की भात सुटल्याने? त्याच पंधरवड्यात आजोबा संध्याकाळी फिरायला जाऊ लागले, असं तुम्हीच लिहिलंय. हे वेगळं करून दाखवता येणं म्हणजेच हे शिक्षण. शिवाय 'दोन चमचे' हे माप नाही. जांभळाची बी जाड कुटली की बारीक, पाच मिनिटं उकळली की पंधरा, यावर कपात काय उतरतं ते बदलतं.

आजोबांच्या डब्यात मेटफॉर्मिनची गोळी आहे ना? तिचं मूळही एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती जुन्या काळापासून औषधात वापरत, पण तिच्यातलं द्रव्य विषारी होतं. त्याच जातीचं, पण माणसाला सोसेल असं रसायन म्हणजे मेटफॉर्मिन. फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी 1957 मध्ये ते डायबेटिसच्या रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पाल्यापासून गोळीपर्यंतची ही वाट लेकीला जरूर सांगा.

विक्रीचं म्हणाल तर 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानुसार डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही. घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. आणि नियमांत 'चहा' म्हणजे चहाच्याच झाडाची पानं, तेव्हा पाकिटावरच्या नावापासून अडचण आहे.

आता कोर्स. गणित नसल्यामुळे माटुंग्याच्या आयसीटीतलं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) फूड इंजिनीअरिंगचं बीटेक तिला मिळणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, तिच्यासाठी मला बी.फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदवी, जास्त योग्य वाटतं. त्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुपने देता येते, कोर्स चार वर्षांचा. त्यात फार्माकॉग्नोसी हा विषय आहे: वनस्पती ओळखणं, तिच्यातली भेसळ पकडणं, अर्क काढणं, त्यात कोणतं द्रव्य किती हे तपासणं. अगदी हिच्या वहीचाच विषय. पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म. करता येईल. आयुर्वेदाची पदवी, बीएएमएसही आहे, नीटमधून. पण तो रुग्ण तपासणाऱ्याचा रस्ता. पत्रावरून मला ही मुलगी दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेत रमेल असं वाटतं. तरी तिलाच विचारा.

सुट्टीत तिला बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार, कुणा जाणकाराकडून ओळखून घेऊन चावायला सांगा आणि मग साखर जिभेवर ठेवू दे. मी करून पाहिलंय. थोडा वेळ साखर वाळूसारखी लागते. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेला गोड कळू देत नाहीत. जिभेवर हे होतं म्हणून रक्तातली साखरही उतरेलच असं नाही, हा फरक तिला त्या एका पानात कळेल.

एक काम मात्र आजच करा. वही घेऊन आजोबांच्या डॉक्टरांकडे जा. गोळी परस्पर बंद किंवा कमी करू नका. चहाने खरंच शुगर उतरत असेल, तर गोळ्यांसोबत ती जास्तच खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर द्या आणि शुगर तपासा. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते, त्यातलं कुमारिन नावाचं द्रव्य रोज जास्त गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. डॉक्टर सांगेपर्यंत चहा थांबवा. वही मात्र चालू ठेवा, आणि लेकीला ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणून द्या.