ऑप्शन फॉर्मवर पहिलं कॉलेज कोणतं लिहू?

*ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली आहे. आई-बाबा ऊसतोडीला जातात. ते कारखान्यावर गेले की मी आणि धाकटा भाऊ आजीपाशी राहतो. आमच्या घरात बारावी झालेली मी पहिलीच. सीईटीला ९२ पर्सेंटाइल आलेत, ओबीसीतून अर्ज केलाय. आता इंजिनियरिंगच्या ऑप्शन फॉर्मला, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी भरायला, चार दिवस उरलेत.*

*नेट कॅफेवाला दादा म्हणतो, संभाजीनगरचं सरकारी कॉलेज वर टाकलंस आणि नाही लागलं तर जवळचंही हातचं जाईल, म्हणून जवळचं पहिलं टाकू. जवळचं म्हणजे ३० किलोमीटरवरचं खासगी कॉलेज. त्यांचा माणूस घरीही येऊन गेला. म्हणाला, कॅपची (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची) कटकट कशाला, थेट आमच्याकडे या. कॉम्प्युटर ब्रँच पक्की, बस फुकट, लॅपटॉप देतो, फक्त ओरिजनल कागद आणून द्या. सरकारीत मला फार तर सिव्हिल लागेल. बाबा म्हणतात जवळच राहा, पैसे लागले तर या साली मुकादमाकडून जादा उचल घेतो. आई काहीच बोलत नाही.*

*मी लहानपणापासून बाबांच्या उसाच्या वजनाच्या पावत्या वहीत उतरवते. सातवीत असताना मुकादमाने दोन खेपा कमी धरल्या होत्या, त्या मी शोधून दिल्या. तेव्हापासून बाबा सगळ्यांना सांगायचे, पोरगी इंजिनियर होणार. आता तेच घाबरलेत आणि मीही. शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांत माझा निभाव लागेल का? फॉर्म कॅफेवाला दादाच भरणार आहे, माझा पासवर्ड त्याच्या वहीत आहे.*

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फॉर्मला चार दिवसच आहेत, म्हणून कॅफेवाल्या दादाच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते. तो तुला चुकीचं सांगतोय. मुद्दाम सांगतोय असं मी म्हणत नाही, पण चुकीचं सांगतोय हे नक्की.

कॅप राउंडमध्ये काय होतं ते नीट समजून घे. मेरिटप्रमाणे तुझा नंबर आला की संगणक तुझी यादी वरून खाली वाचत येतो. पहिल्या ओळीतली जागा तुझ्या गुणांना मिळत नसेल तर तो दुसरी ओळ बघतो, मग तिसरी. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या ओळीवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. संभाजीनगर पहिलं लिहून ते नाही लागलं, तरी जवळचं कॉलेज जेवढं तुझं होतं तेवढंच तुझं राहतं.

खरा धोका उलट्या बाजूने आहे. २०२५-२६ च्या प्रवेशाला नियम असा होता की पहिल्या फेरीत यादीतली पहिलीच पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणून जवळचं कॉलेज पहिलं टाकलंस, तर ते पहिल्याच फेरीत लागेल आणि तू तिथेच अडकशील. पुढच्या फेरीत सरकारी कॉलेजात जागा निघाली तरी तिच्याकडे नुसतं बघत बसावं लागेल. यंदाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या वेबसाइटवर आहे. तिच्यातलं हे एक प्रकरण स्वतः वाच, आजीच्या ओसरीवर बसून, दोनदा वाच.

यादी मनाच्या क्रमाने लाव. सगळ्यात जास्त जिथे जावंसं वाटतं ते वर. आणि एक ओळ म्हणजे एक कॉलेज नव्हे, एका कॉलेजातली एक ब्रँच. संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीतलं कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, मग नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी संस्थेतल्या ब्रँचेस, मग बाकीची, आणि शेवटी हवं तर ते जवळचं, पण कॅपमधूनच. मागच्या वर्षीचे कट-ऑफ काढ आणि त्यात ‘एलओबीसी’ हा रकाना बघ. त्यातलं ‘एल’ मुलींच्या राखीव जागांसाठी असतं. बरीच मुलं-मुली खुल्या प्रवर्गाचा आकडा बघतात आणि हाय खाऊन खालच्या कॉलेजावर उतरतात. पुण्याच्या कॉलेजचं नाव लिहायचा धीर तुला झाला नाही हे तुझ्या पत्रातून दिसतंय. लिही. ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

आता त्या घरी आलेल्या माणसाकडे येऊ. तू मुकादमाच्या दोन खेपा शोधून काढणारी मुलगी आहेस, म्हणून तुझ्यापुढे हिशोबच मांडते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सरकारी कॉलेजात आहे तसं खासगी विनाअनुदानित कॉलेजातही आहे. पण अट एकच: प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. ‘कॅपची कटकट नको, थेट या’ म्हणजे संस्था पातळीवरचा, मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश, आणि त्याला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही तिच्यात बसत नाहीत. तुझ्या हक्काची चार वर्षांची फीमाफी जाणार आणि बदल्यात एक लॅपटॉप येणार. या पावतीवर किती खेपा कमी धरल्यात ते तूच मोज.

माफीत काय येत नाही तेही बघ. विकास शुल्क येत नाही. ‘इतर शुल्क’ या नावाखाली येणाऱ्या बारीकसारीक रकमा येत नाहीत. बस पहिल्या वर्षी फुकट असली तरी दुसऱ्या वर्षी असेलच असं नाही. त्या कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर मिळेल. तो माणूस पुन्हा आला तर म्हण, बसचं आणि लॅपटॉपचं कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, चारही वर्षांचं. देतो की नाही ते बघ. आणि ओरिजनल कागद कुणाच्याही हातात देऊ नकोस. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, परत आपल्या पिशवीत. कागद अडकले की पोर अडकते, हे मी या सदरात किती पत्रांतून वाचलंय ते सांगता येणार नाही.

राहिला ब्रँचचा प्रश्न. खासगीतलं कॉम्प्युटर की सरकारीतलं सिव्हिल, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत विचारशील तर तुझ्या परिस्थितीत मी सरकारी कॉलेज घेईन. ज्या घरात कॉलेज म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नाही, तिथल्या मुलीला वर्गाइतकाच वर्गाबाहेरचा आधार लागतो: वरच्या वर्गातली मुलगी जुन्या नोट्स देते, इंटर्नशिप कशी मागायची ते सांगते, कुठली परीक्षा कधी द्यायची ते सांगते. जुन्या सरकारी कॉलेजात अशी साखळी तयार असते. संभाजीनगरचं कॉलेज १९६० पासून आहे, तिथून तुझ्यासारख्या घरांतली कितीतरी मुलं बाहेर पडलीत. शिवाय सिव्हिल झालेल्यांना बांधकाम खातं, जलसंपदा, जिल्हा परिषद यांतल्या अभियंत्याच्या जागांचा रस्ता खुला असतो. ज्या जिल्ह्यात माणसं पाण्यावाचून गाव सोडून कोयता उचलतात, तिथल्या मुलीला बंधारे-कालव्यांचं शिक्षण परकं वाटू नये असं मला वाटतं. पण तुझा जीव खरोखर कॉम्प्युटरमध्येच असेल, तर सरकारी कॉलेजांतली कॉम्प्युटर आणि आयटी आधी, मग चांगल्या खासगीतलं कॉम्प्युटर, मग सिव्हिल, असा क्रम लाव. क्रम मात्र तुझा असू दे, कॅफेवाल्याचा नको.

राहण्या-जेवणाचं गणित सगळ्यात अवघड, त्याबद्दल खोटा धीर देत नाही. फी माफ झाली तरी पोट माफ होत नाही. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेश निश्चित झाला त्याच दिवशी भर. इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहाचाही भर. कुठेच जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्यात उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, संभाजीनगरसारख्या विभागाच्या शहरात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये खोली-जेवणासाठी मिळतात. जागा ठरावीक असतात, म्हणून उशीर नको. पुण्याला लागलीस तर विद्यार्थी साहाय्यक समिती लक्षात ठेव. १९५५ पासून खेड्यातल्या गरीब मुलामुलींना ती आधार देते आहे. या योजनांचे पैसे उशिरा येतात, कधी कधी सहा-सहा महिने. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या मेसचे पैसे हाताशी हवेत. तेवढी सोय बघ, त्याहून जास्त नको.

इथे तुझ्या बाबांच्या उचलीचं बोलते. जादा उचल घेऊ देऊ नकोस. तू पावत्या लिहितेस, उचल फिटायला किती हंगाम जातात ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक. कमी पडलंच तर शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जा. चार लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला तारण मागत नाहीत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तुझं कॉलेज बसत असेल तर जामीनदारही लागत नाही. बँकेचं कर्ज शिक्षण संपल्यावर फेडायला लागतं आणि त्यापायी तुझ्या आईला फडात उतरावं लागत नाही.

बाबांना रागावू नकोस. त्यांनी आयुष्यात ज्या ज्या कागदावर अंगठा दिला, त्यातला एकही त्यांच्या बाजूचा नव्हता. आता पोरीच्या कागदाला ते भिणारच. त्यांना संभाजीनगरला घेऊन जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आईलाही ने. वसतिगृहाचं फाटक, रेक्टरबाई, मेसमधलं ताट, रात्री दार किती वाजता बंद होतं, हे सगळं त्यांना डोळ्यांनी बघू दे, विचारू दे. आणि ते तोडीला जायच्या आत दाखले काढून घे. उत्पन्नाचा दाखला, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, आधारशी जोडलेलं तुझ्या नावाचं बँक खातं. ते एकदा कर्नाटकात किंवा कोल्हापूरकडे गेले की एका सहीसाठी महिना जातो. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या फीमाफी-शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा, अर्ज मग तू एकटीही भरू शकशील.

आणि इंग्रजी बोलणारी पोरं. मी सोलापूरच्या विडी कामगार आईची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात खिडकीतल्या कारकुनाने ‘बोनाफाईड आण’ म्हणून सांगितलं. बोनाफाईड म्हणजे काय हे विचारायची मला लाज वाटली. दोन दिवस मी त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सगळे दाखले, आणि त्या शब्दाचा कागद त्यांत आहे की नाही तेच मला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, मलापण माहीत नाही, चल दोघी मिळून विचारू. तो कागद, म्हणजे आपण त्या कॉलेजात शिकतो असा दाखला, त्याच खिडकीत मिळतो, पाच मिनिटांत. ती मुलगी पुढे चार वर्षं माझी खोलीमैत्रीण होती. तुझ्या वर्गातही निम्मी मुलं न विचारता बाकावर बसलेली असतील. तू पहिल्या दिवशी विचार. लेक्चर इंग्रजीत असेल, पहिले दोन-तीन महिने डोक्यावरून जाईल, आणि पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहिलाही तरी त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस. दिवाळीला घरी गेलीस की वही उघडून बघ, किती कळायला लागलंय.

आई काहीच बोलत नाही असं तू लिहिलंस. तिला एकदा एकटीला गाठून विचार, तुला काय वाटतं. बाबांसमोर नको, भाकरी थापताना विचार. मला वाटतं तिच्याजवळ उत्तर आहे, फक्त आजवर कुणी विचारलेलं नाही.

हे सगळं नंतर. हे पत्र वाचून झालं की आधी फोन हातात घे आणि तुझ्या सीईटी लॉगिनचा पासवर्ड बदल. नवा पासवर्ड कुणाच्या वहीत नको, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. फॉर्म कॅफेत बसून भरलास तरी चालेल, पण माऊस तुझ्या हातात हवा. ‘कन्फर्म’ दाबायच्या आधी यादीची प्रिंट काढ, घरी आण, पावत्यांच्या वहीशेजारी ठेवून एक रात्र बघ. सकाळीही तोच क्रम बरोबर वाटला तर जाऊन दाब. आणि काय लागलं ते मला कळव.

तुझी ताई